तुझ्या मापाची रायफल

फीनिक्स, ॲरिझोना

प्रिय सोनू हिस,


परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, माझ्या चणीच्या बाईला सगळ्यात हलकी लिव्हर-ॲक्शन रायफल कोणती गं?" एका नावात उत्तर देता आलं असतं, पण त्यात तुझं नुकसान होतं. म्हणून सविस्तर लिहायला बसले. पाच फुटांच्या आगेमागे उंची, अरुंद खांदे, लहान पंजा अशा ज्या कुणी काउबॉय ॲक्शन शूटिंगमध्ये नव्यानं उतरतायत, त्या सगळ्यांसाठीच हे पत्र आहे असं समज. दुकानात प्रत्येकीला हाच प्रश्न पडतो आणि प्रत्येकीला उत्तर मिळतं ते वजनाचं. मला सांगायचंय ते असं, की वजन सगळ्यात शेवटी बघायचं. आधी दस्त्याची लांबी, मग तोल, मग लिव्हर. रायफल तुझ्या अंगाला बसली पाहिजे. तिच्यासाठी तू अंग वाकडंतिकडं करायचं नाही.

हे पत्र माझी ताई, म्हणजे तुझी आई, हीसुद्धा वाचणार, म्हणून खेळाबद्दल थोडं आधी सांगते. अमेरिकेच्या पश्चिम भागातला १८६० ते १९०० चा काळ, त्या काळच्या धाटणीच्या बंदुका, त्या काळचे कपडे, आणि घड्याळाशी स्पर्धा, असा हा खेळ. त्याची पहिली 'एंड ऑफ ट्रेल' स्पर्धा १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात झाली आणि १९८७ मध्ये 'सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी', म्हणजे सॅस, ही संस्था उभी राहिली. आमच्या फीनिक्सच्या उत्तरेला बेन ॲव्हरी शूटिंग फॅसिलिटी आहे, तिथे दर हिवाळ्यात 'विंटर रेंज' ही राष्ट्रीय स्पर्धा भरते. प्रत्येक खेळाडू दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हर-ॲक्शन रायफल आणि एक शॉटगन वापरतो. एका स्टेजला, म्हणजे एका फेरीला, साधारणपणे रिव्हॉल्व्हरच्या दहा, रायफलच्या दहा आणि शॉटगनच्या चार-सहा गोळ्या झाडायच्या असतात. लक्ष्यं पोलादी, मोठी आणि जवळची. गोळी निव्वळ शिशाची. लागलेला वेळ हाच गुण. एक नेम चुकला की पाच सेकंद वाढतात आणि ठरलेला क्रम चुकला की दहा.

आता तुझ्याकडे वळते. कोल्हापूरला तू एअर रायफल मारायचीस. २०१० मध्ये तेजस्विनी सावंतनं म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवलं, तेव्हा तुमच्या शाळेतल्या मुली रेंजवर नाव घालायला धावल्या होत्या, त्यातलीच तू एक. त्यामुळे श्वास, चाप, नेम हे तुला शिकवायला नको. पण त्या खेळातल्या दोन गोष्टी इथे लागू पडत नाहीत, आणि तुझा गोंधळ तिथेच होतोय.

पहिली गोष्ट वजनाची. स्पर्धेची एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते, तरी ती तुला पेलायची. कारण उभ्यानं नेम धरताना डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवलेलं असायचं, पाठ किंचित मागे कललेली असायची आणि सगळा भार हाडांवरून जमिनीत जायचा. इथे तसं उभं राहता येत नाही. टेबलावरून रायफल उचलायची, खांद्याला लावायची, एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर सरकायचं, दर गोळीगणिक लिव्हर पुढेमागे करायची, आणि हे सगळं भराभर. चांगले खेळाडू रायफलच्या दहा गोळ्या तीन सेकंदांच्या आत संपवतात. डावा हात हवेत असतो आणि भार स्नायूंवर येतो. म्हणून इथे किलो किती यापेक्षा तो भार तुझ्या अंगापासून किती लांब आहे हे महत्त्वाचं. भरलेली कळशी कडेवर घेऊन आजी अर्धा मैल चालायची; तीच कळशी हात ताठ करून पुढे धरली असती तर दहा पावलंही जमली नसती. रायफलचंही नेमकं असंच आहे.

दुसरी गोष्ट मापाची. एअर रायफलचा दस्ता मागेपुढे सरकतो, गालाची पट्टी वरखाली होते. प्रशिक्षक येतो, स्क्रू फिरवतो आणि रायफल तुझी होते. काउबॉय रायफल त्या जुन्या काळच्या आराखड्याची. तिच्यावर फिरवायला स्क्रूच नाही. लाकूड जेवढं आहे तेवढंच. त्यामुळे ते आधी नीट निवडायचं, नाहीतर कापून घ्यायचं.

तेव्हा पहिलं माप दस्त्याचं. चापाच्या मध्यापासून दस्त्याच्या टोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक प्रतिकृतींमध्ये ते १३ इंचांच्या आसपास असतं. मध्यम उंचीच्या पुरुषाला ते चालतं. पाच फुटांच्या बाईला बहुतेक वेळा बारा किंवा त्याहूनही थोडं कमी लागतं. तो इंच-दीड इंच काय करतो ते रेंजवर कुणाही नवख्या बाईकडे बघून कळेल. दस्ता लांब असला की ती खांदा मागे ओढते, कंबर मागे टाकते, मान पुढे ताणते. डावा हात जवळजवळ सरळ होतो. नळीचं टोक खाली जायला लागतं, ते सावरायला ती आणखी मागे कलते. मग पहिल्या गोळीचा किरकोळ धक्कासुद्धा तिला टाचांवर ढकलतो. बघणारे म्हणतात, रायफल जड पडतेय तिला. खरं तर तिला ती लांब पडत असते.

माप तपासायची साधी रीत सांगते. रायफल रिकामी आहे याची स्वतः खात्री कर, दुसऱ्यालाही बघायला लाव. डावा पाय पुढे, गुडघे सैल, वजन पुढच्या पावलावर. नळी सुरक्षित दिशेला ठेवून डोळे मीट, रायफल खांद्याला लाव, गाल दस्त्यावर टेकव आणि मग डोळे उघड. नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत आपसूक दिसली पाहिजे. मान हलवावी लागली तर माप चुकलं. त्याच स्थितीत उजव्या हाताचा अंगठा आणि नाक यांच्यामध्ये दोन बोटं मावतील एवढी जागा हवी, आणि डावं कोपर चांगलं वाकलेलं हवं. दुकानात कोपरात दस्ता टेकवून बोट चापापर्यंत पोहोचतं का ते बघायला सांगतील. त्यावर विसंबू नकोस. त्यात हाताची लांबी कळते. मान, खांदा आणि छाती यांचा हिशेब त्यात येत नाही.

आणि हे सगळं स्पर्धेच्या कपड्यांत करायचं. जाड कापडाचा कोट, त्याखाली बंडी, खांद्यावर चुण्या असलेला ब्लाउज, यांनी अर्धा इंच सहज खाल्ला जातो. टी-शर्टवर बेतलेलं माप तुझ्या ओहायोच्या नोव्हेंबरात लांब पडतं.

दस्त्याच्या टोकाचा आकारही बघ. 'रायफल' म्हणून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना चंद्रकोरीसारखी खोल वळलेली धातूची पट्टी असते. तिची टोकं टोकदार. ती खांद्याच्या खळगीत धरायची नसतेच, दंडाच्या सुरुवातीला, जरा बाहेरच्या बाजूला धरायची असते. अरुंद खांद्याच्या बाईला ती जागा सापडत नाही. खालचं टोक छातीच्या वरच्या भागात रुततं आणि काळंनिळं होतं. 'कार्बाइन' मॉडेलची पट्टी बरीच सपाट असते, ती तुला बरी. आपल्याकडच्या बायकांना आणखी एक सुधारणा उपयोगी पडते. टोकाचा कोन थोडा बदलून खालचं टोक जरा आत घ्यायचं, म्हणजे पट्टी छातीला न टोचता सपाट बसते. दस्ता कापतानाच ते करून घ्यावं.

कापायला भिऊ नकोस. पण करवत घेऊन घरी बसू नकोस. पट्टीचा वरचा भाग लाकडात कोरून बसवलेला असतो, तो परत तसाच कोरावा लागतो. बंदुकीचं काम करणाऱ्या जाणत्या कारागिराकडून करून घे आणि कापलेला तुकडा जपून ठेव. तुझी मुलगी मोठी होऊन तुझ्यापेक्षा उंच निघाली तर तोच तुकडा परत जोडता येईल.

आता तोल. दस्ता आखूड केला की मागचं थोडं लाकूड जातं, आणि रायफल आणखी पुढच्या बाजूला झुकते. म्हणून नळीचा विचार दस्त्यानंतर करायचा, आणि नळी आखूड घ्यायची. साधारण २४ इंची अष्टकोनी नळी दिसायला देखणी, चित्रपटातल्यासारखी. पण तिचं पोलाद सगळं पुढे. तुला १९ किंवा २० इंच पुरे. आपली लक्ष्यं इतकी जवळ असतात की नळी आखूड झाल्यानं नेमात फरक पडत नाही.

इथे एक गोष्ट दुकानदारही कित्येकदा सांगत नाहीत. नळीचा बाहेरचा आकार तोच ठेवून आतलं भोक लहान केलं, तर पोलाद जास्त उरतं. म्हणजे त्याच मॉडेलची .३८ ची रायफल .४५ च्या रायफलपेक्षा जड भरते! धक्का कमी म्हणून बायका .३८ घेतात, तो निर्णय योग्यच आहे, पण त्याबरोबर अष्टकोनी नळी घेतली की जड टोक पदरात पडतं. म्हणून .३८ घ्यायची ती गोल नळीची. गोल नळीचं १९ इंची कार्बाइन साडेसात पौंडांच्या आसपास, म्हणजे तीन किलो चारशे ग्रॅमच्या जवळ भरतं. २० इंची अष्टकोनी आठ पौंडांच्या वर जातं. कागदावर फरक पाऊण पौंडाचा दिसतो. हातात धरल्यावर तो सगळा डाव्या मनगटावर जाणवतो.

तोल तपासताना रिकामी रायफल धरून समाधान मानू नकोस. काडतुसं नळीखालच्या मॅगझिन ट्यूबमध्ये, म्हणजे पुढेच भरली जातात. दहा डमी काडतुसं भर, मगच खांद्याला लाव, आणि तीसपर्यंत आकडे मोजून होईपर्यंत धर. माशी थरथरायला लागली, पाठ मागे कलली, की ती तुझी नव्हे.

तिसरी गोष्ट लिव्हर. यासाठी आधी मॉडेल समजून घ्यायला हवीत, कारण प्रत्येकीची रचना निराळी.

१८६० ची हेन्री ही सगळ्यांची आजी. पितळी चौकट, सुंदर, पण नऊ पौंडांच्या घरात. नळीखाली लाकूड नाही, त्यामुळे तापली की हाताला चटका. काडतुसं पुढच्या टोकाकडून भरायची, आणि मॅगझिनमधली सरकती खुंटी झाडता झाडता डाव्या हातापर्यंत मागे येते, तेव्हा हात उचलून पुढे न्यावा लागतो. लहान हाताला हे सगळं अवघड. हौस म्हणून पुढे कधीतरी घे.

१८६६ च्या 'यलो बॉय'नं या दोन्ही अडचणी सोडवल्या. नेल्सन किंग यांनी चौकटीच्या उजव्या बाजूला काडतूस भरायचं झडपेचं दार दिलं, आणि नळीखाली लाकूड आलं. १८७३ ची विंचेस्टर ही तिची पुढची आवृत्ती, पितळेच्या जागी लोखंड-पोलादाची चौकट. विंचेस्टरनं ती सात लाखांहून जास्त बनवली. आज आपण वापरतो त्या बहुतेक इटलीच्या उबर्टी कंपनीच्या प्रतिकृती. विंचेस्टरच्या नावानं जपानमध्ये मिरोकू बनवते तीही चांगली. या दोन्ही मॉडेलमध्ये लिव्हर पुढे ढकलली की आतले दुमडणारे दोन दुवे बोल्टला मागे ओढतात, रिकामी पुंगळी वर उडते आणि धातूचा एक ठोकळा नवं काडतूस सरळ वर उचलून नळीच्या बरोबर रेषेत आणतो. काडतुसाला तिरकं व्हावं लागत नाही. म्हणून ही यंत्रणा इतकी मऊ चालते, आणि म्हणूनच वेगानं खेळणारे बहुसंख्य लोक हीच वापरतात.

१८९२ ची रचना जॉन ब्राउनिंगची. चौकट लहान, बोल्टचं कुलूप भक्कम. ब्राझीलची रॉसी कंपनी तिची प्रतिकृती बनवते. १६ इंची रॉसी पाच पौंडांच्या आसपास, म्हणजे तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर हीच. तरीही मी तुला ती सुचवत नाही. एक तर १६ इंची रॉसीत .३५७ ची आठच काडतुसं मावतात आणि स्टेजला दहा लागतात. दुसरं, काडतूस तिरकं होऊन आत जातं, त्यामुळे नव्या रायफलमध्ये लिव्हरला जोर लागतो. तिसरं, इतकी हलकी रायफल प्रत्येक गोळीनंतर उडते आणि लिव्हरच्या झटक्यानंही नेम सोडते. थोडं वजन असलेली, पण ते वजन अंगाजवळ असलेली रायफल शांत राहते. रॉसी घ्यायचीच झाली तर २० इंची घे आणि आतून घासूनपुसून, स्प्रिंग हलक्या करून घे. पैशांची ओढाताण असेल तर तो वाईट मार्ग नाही.

१८९४ ची मार्लिन साडेसहा पौंडांच्या आसपास, वरून बंद, पुंगळी उजवीकडे टाकते. तोल छान, लहान अंगाला सोयीची. पण तिच्यात एक जुना दोष आहे. लिव्हर आणि काडतूस उचलणारा भाग जिथे एकमेकांवर घासतात तिथे झीज झाली, की दुसरं काडतूस त्या भागाखाली घुसतं आणि रायफल अडकते. मग स्क्रू काढल्याशिवाय सुटका नसते. जुनी घेताना ती जागा उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. २०२० मध्ये रूगरनं मार्लिन विकत घेतली, त्यानंतर नव्या १८९४ पुन्हा येऊ लागल्या आहेत.

तुझ्यासाठी माझं मत १८७३ चं कार्बाइन, गोल नळी, .३५७ मॅग्नम आणि .३८ स्पेशल दोन्ही चालणारं. झाडायचं मात्र .३८ स्पेशलच. रायफलच्या गोळीचा वेग नियमानं सेकंदाला १४०० फुटांच्या आतच ठेवावा लागतो, आणि गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले वेग भागिले हजार हे उत्तर साठ किंवा जास्त यावं लागतं. १२५ ग्रेनची गोळी सेकंदाला ७०० फुटांनी गेली तरी साडेसत्याऐंशी होतात. म्हणजे हलकं काडतूस नियमात आरामात बसतं आणि धक्का नावालाच उरतो. शिवाय रिव्हॉल्व्हरही .३८ चे घेतलेस की एकाच डब्यातून तिन्ही भरता येतात. एक काळजी घे. १८७३ च्या ठोकळ्याला काडतुसाची लांबी नेमकी लागते. फार आखूड काडतूस असलं तर मागून येणाऱ्या दुसऱ्याचं नाक ठोकळ्यात शिरतं आणि लिव्हर जागच्या जागी थिजते. एक प्रकार ठरव, डमी करून चालवून बघ आणि त्यालाच धरून राहा.

आता लिव्हरचा पल्ला. मूळ १८७३ ची लिव्हर खूप लांब फिरते. आखूड हाताच्या बाईला ती शेवटपर्यंत ढकलताना उजवा खांदा पुढे घ्यावा लागतो, दस्ता खांद्यावरून सुटतो, आणि प्रत्येक गोळीला रायफल नव्यानं लावावी लागते. त्यावर 'शॉर्ट स्ट्रोक' नावाचा उपाय आहे. आतले दुवे आणि ठोकळा उचलणारी दांडी बदलून पल्ला बराच कमी करतात. नियमात ते बसतं. यंत्राचा नियम मात्र लक्षात ठेव: अंतर वाचलं की जोर वाढतो. म्हणून नुसतं किट घालून भागत नाही. लिव्हरच्या आणि घोड्याच्या स्प्रिंग हलक्या कराव्या लागतात, पितळी ठोकळ्याच्या जागी ॲल्युमिनियमचा घालतात. हे काम जाणकाराकडूनच करून घे. घोड्याची स्प्रिंग प्रमाणाबाहेर हलकी केली तर काडतुसाची टोपी पेटत नाही, आणि 'क्लिक' ऐकून तू बघत राहतेस.

एक बारीक गोष्ट लहान पंजाच्या बायकांना हमखास नडते. १८७३ च्या लिव्हरमागे, दस्त्याखाली, एक छोटी स्प्रिंगची खुंटी असते. लिव्हर दस्त्याला पूर्ण चिकटून दाबली, तरच ती आत जाते आणि चाप मोकळा होतो. लिव्हर अर्धवट मिटलेली असताना गोळी सुटू नये म्हणून ती ठेवलेली आहे. ज्यांची पकड मोठी त्यांना ती असल्याचं कळतही नाही. लहान हाताची बाई वेगात असते तेव्हा तळहात लिव्हरवर पुरता मिटत नाही, चाप दगडासारखा घट्ट लागतो आणि तिला वाटतं रायफल बिघडली. ती स्प्रिंग हलकी करून घ्यायची. खुंटी काढून मात्र टाकायची नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. ती तुझ्या बोटांच्या आणि चेहऱ्याच्या रक्षणासाठी आहे.

लिव्हरला आतून चामड्याची पट्टी गुंडाळ. बोटांच्या मागच्या बाजूची कातडी सोलवटत नाही आणि मोठ्या कड्यातला मोकळा भाग भरला जाऊन हात लहान अंतरात काम करतो. दस्त्याची मान सरळ असलेलं मॉडेल घे. पिस्तुलासारखी वळलेली मान हाताला भरीव वाटते, पण लहान बोटांना चापापर्यंत पोहोचताना ती आड येते. काडतुसं भरायच्या झडपेची स्प्रिंगही तपास. दहावं काडतूस ढकलताना अंगठा दुखायला लागला तर ती आणि मॅगझिनची स्प्रिंग दोन्ही सौम्य करता येतात.

डोळ्याचंही बघून घे. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या वस्तूवर अंगठा धर आणि आळीपाळीनं एकेक डोळा मीट. ज्या डोळ्याला अंगठा जागेवर दिसतो तो तुझा बलवान डोळा. तो डावा निघाला तर डाव्या खांद्यावरून मारायला शिकणं हाच बरा मार्ग, आणि तिथेही १८७३ सोयीची, कारण पुंगळी सरळ वर उडते.

तू आता ग्रीन कार्डवर आहेस म्हणून तुला हे लिहितेय. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या आपल्या मुलामुलींना आवर्जून सांग: काही ठरावीक अपवाद सोडले, जसं की वैध शिकारीचा परवाना, तर अशा व्हिसावर बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा इथल्या केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. कुणाच्या भरवशावर न राहता आधी वकिलाला विचारावं.

ताईच्या मनातली भीती मला कळते. इथल्या बातम्या वाचून कोण घाबरणार नाही? बंदुकांनी या देशात किती घरं उद्ध्वस्त केली, हे मी रोज बघते, आणि म्हणूनच या खेळाची शिस्त मला प्रिय आहे. लोडिंग टेबलापाशी दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत भरायचं, अनलोडिंग टेबलापाशी दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत रिकामं करून दाखवायचं. रायफल एरवी नेहमी उघडी आणि रिकामी. नळी ठरलेल्या १७० अंशांच्या बाहेर वळली की ती स्टेज बाद, मग तू कितीही नामांकित खेळाडू असलीस तरी. घरी पोलादी कपाट, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ल्या तुझ्याशिवाय कुणाकडे नाहीत. घरात लेकरू आहे, म्हणून यात कणभर सूट नको. आणि बघ, मापाचा प्रश्न इथेही येतो. जी रायफल पेलत नाही तिची नळी थकल्या हातात भरकटते. अंगाला बसणारी रायफल ही सुरक्षिततेचीच पहिली पायरी आहे. लेकीला हौस वाटली तर १३ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या 'बकरू' गटात .२२ ची रायफल चालते. तिथूनच सुरुवात करावी, तुझं कार्बाइन तिच्या हातात देऊन नव्हे.

तू डेटनला राहतेस. एखाद्या रविवारी तासाभरावरच्या ग्रीनव्हिलला जा. तिथल्या गार्स्ट म्युझियममध्ये ॲनी ओकलीच्या वस्तू आहेत. १८६० मध्ये तिथल्याच डार्क काउंटीत, गरिबीत जन्मलेली ही मुलगी शिकार विकून घर चालवायची. १८८५ मध्ये ती बफेलो बिलच्या 'वाइल्ड वेस्ट' खेळात गेली आणि जगभर गाजली. तिची उंची जेमतेम पाच फूट होती. काचेआडच्या तिच्या बंदुका बघताना लांबी, दस्ता, नळी यांच्यावर नजर फिरव. तुझ्याएवढ्या अंगाच्या बाईनं हे काम पोटापाण्यासाठी, रोज, हजारो लोकांसमोर केलंय. लहान चण हा या खेळातला उणेपणा नाही. उणेपणा येतो तो दुसऱ्याच्या मापाची वस्तू चालवून घेण्यातून.

म्हणून घाई करू नकोस. आधी जवळच्या क्लबच्या मासिक स्पर्धेला नुसती बघायला जा. डोळ्यांवर चष्मा आणि कानांना संरक्षण लागेल; पोलादावर आपटून शिशाचे कण परत येतात. तुझ्या उंचीच्या बायका शोध आणि त्यांच्याशी बोल. या खेळातली माणसं आपली रायफल नवख्याच्या हातात आनंदानं देतात. तीन-चार वेगवेगळ्या रायफली स्वतः झाडून बघ, शॉर्ट स्ट्रोक केलेली आणि न केलेली दोन्ही. मग जुनी, आधीच चांगलं काम करून घेतलेली १८७३ मिळते का ते बघ. वय झालं म्हणून खेळ सोडणाऱ्यांच्या अशा रायफली विकायला येतात, आणि त्यांचं आतलं काम नव्या रायफलवर करून घ्यायचं तर बराच खर्च येतो.

विकत घेण्याआधी मला एवढं कळव: स्पर्धेच्या कोटात खांद्याला नीट बसणारी दस्त्याची लांबी किती, तळहाताच्या मनगटाकडच्या घडीपासून तर्जनीच्या टोकापर्यंत किती, कोणता डोळा बलवान, आणि दहा डमी भरलेलं कार्बाइन तीस आकडे मोजेपर्यंत स्थिर राहिलं का. ही चार उत्तरं आली की दस्ता किती कापायचा आणि काम कुणाकडे द्यायचं ते आपण दोघी मिळून ठरवू. सॅसमध्ये प्रत्येकीला स्वतःचं वेगळं टोपणनाव घ्यावं लागतं, आधी कुणी न घेतलेलं. तेही मनात ठरवून ठेव.

ताईला नमस्कार, जावईबापूंना आणि छोटीला आशीर्वाद.

तुझी,
मावशी